लेबलची शेवटची ओळ

२१ जून, शनिवार

पुन्हा तिरकं! सकाळपासून सव्वीस लेबलं वाया गेली. जर्दाळूचं चित्र नीट येतं, नाव नीट येतं, वजन नीट येतं — आणि खालची ओळ कापली जाते. जायची तर पत्त्याची तरी जावी. नेमकी तीच जाते — "अक्रोड, बदाम, कसलाही दाणा नाही."

त्या एका ओळीसाठी तर बालवाडी आमचा मुरंबा घेते. तिथे झुलैखो स्वयंपाक करते. तिची मुलगी मेहरोना, सहा वर्षांची, तिथेच असते. अक्रोडाचा कण पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, श्वास अडकतो. गेल्या वर्षी चार दिवस दवाखान्यात होती. बाजारातल्या बरणीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. झुलैखो आमच्या लेबलवर बोट फिरवून ती ओळ वाचते, मगच झाकण उघडते. हे माझ्या यजमानांनीच मला सांगितलं होतं. ती ओळ त्यांनीच घातली. आमच्या इस्फरा भागात दुसऱ्या कुणाच्या बरणीवर ती नाही.

मी मुरंबा करायची, ते लेबलं करायचे. अकरा वर्षं अशीच वाटणी. प्रिंटर कसा चालतो ते त्यांनी शिकवलं नाही, मी विचारलं नाही. आता विचारायचं कुणाला?

उद्या त्यांचा चाळिसावा — जाऊन चाळीस दिवस.

२२ जून, रविवार

माणसं आली, जेवली, गेली. लिहवत नाही.

२३ जून, सोमवार

सापडलं! रोलच्या डाव्या बाजूला पुठ्ठ्याची घडी असायची. रोल एका बाजूला सरकू नये म्हणून त्यांनी अडकवलेली. ती नव्हती. धूळ पुसताना कचरा समजून मीच टाकली असणार, दुसरं कोण टाकणार? काड्यापेटीचं झाकण कापून घडी केली. फीडचं बटण दाबून धरलं, तीन कोरी लेबलं बाहेर आली, प्रिंटरला दोन लेबलांमधलं अंतर कळलं. चौथं सरळ. शेवटच्या ओळीसकट!

मग दुसरं काम. "बनवणारे — सोबिर हमराकुलोव." परवाना आता माझ्या नावावर झालाय, म्हणजे लेबलवरही माझंच नाव हवं. एकेक अक्षर मागून पुसत गेले. 'सो' उरलं तेव्हा थांबले.

बीबी — माझ्या सासूबाई — ओसरीवरून म्हणाल्या, "आवाज का थांबला ग यंत्राचा?"

"नाव बदलतेय, बीबी."

"कुणाचं?"

त्यांना न सांगताच कळलं. मग म्हणाल्या, "घाल तुझं. बरणी आंबली तर लोक त्याला कुठे शोधायला जातील?"

घातलं. मावलुदा हमराकुलोवा. शाळेत पंधरा वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर किती वेळा नाव लिहिलं असेल. पण छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं. भीतीच वाटली.

२४ जून, मंगळवार

एकशे एकवीस छापली. प्रत्येकाची शेवटची ओळ पाहिली. मग लक्षात आलं — तारीख चुकली! मुरंबा झाला एकोणीस तारखेला आणि प्रिंटर आपणहून आजची तारीख टाकतो. सगळी फाडली. तारीख हाताने घातली, पुन्हा छापली. रिबन संपत आलीय. शेवटची दहा फिकट आहेत का? खिडकीपाशी नेऊन पाहिली. बीबी म्हणतात, "लेबलं आहेत का लेकी, इतकी न्याहाळतेस?"

एकोणीस तारखेचं मला काहीच आठवत नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे त्या दिवसापर्यंत मी नुसती पडून असायची. झाडाखाली जर्दाळूंचा खच पडला होता, दोन दिवस आणखी गेले असते तर सगळा सडला असता. गल्लीतल्या बायकांनी हशर केला — आपापली पातेली घेऊन आल्या, बिया काढल्या, पाक केला, बरण्या भरल्या. मोबदला म्हणून चहाही घेतला नाही म्हणे. हे उपकार कसे फेडायचे?

२५ जून, बुधवार

लेबलं लावायलाही त्याच आल्या. अंगणातल्या तख्तावर सात जणी. समोरच्या होसियत अपा सगळ्यांच्या वर आवाज करून. बरणी कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची, मगच लेबल. पाकाचा थेंब राहिला तर दोन दिवसांत कोपरा सुटतो. मी सांगत होते, त्या मान डोलवत होत्या आणि आपल्याच पद्धतीने करत होत्या.

"हे काय लिहिलंय ग, निव्वळ वजन?" एकीने विचारलं.

"म्हणजे कपडे काढून केलेलं वजन," होसियत अपा. "तुझं कुणी करणार नाही, घाबरू नकोस!"

सगळ्या हसल्या. मग माझ्याकडे पाहून एकदम गप्प झाल्या. मला म्हणायचं होतं, हसा. आलं नाही तोंडातून.

होसियत अपांनी एक लेबल उलटं लावलं. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं. "राहू दे," म्हणाल्या, "ती बरणी डोक्यावर उभ्या राहणाऱ्या पोराला द्या." मी ते सोडवून नवीन लावलं.

माझा पाय उंबरठ्याबाहेर नाही. इद्दत — विधवेने घरात बसायचा काळ — एकोणीस सप्टेंबरपर्यंत. या बायका नसत्या तर मी काय केलं असतं?

२६ जून, गुरुवार

ट्रक आला, एकशे वीस बरण्या गेल्या. ट्रकवाला घाईत होता, पुढे डोंगरात जायचं म्हणाला. एक बरणी घरी ठेवली. सोमवारपासून मुलांना न्याहारीला नानवर हाच मुरंबा.

माझ्या नावाच्या पहिल्या बरण्या. झाकणं तपासली का सगळी? तपासली. दोनदा.

२७ जून, शुक्रवार

आज सुट्टी, बालवाडी बंद. बरण्या त्यांच्या तळघरात असतील. ओलीने लेबलं सुटली तर? रिबनची शाई ओल्या बोटाने पसरते का? एका लेबलवर थुंकी लावून पाहिलं. नाही पसरत. बीबींनी पाहिलं.

२८ जून, शनिवार

घडलं ते क्रमाने लिहिते.

दुपारच्या चहाला घरची बरणी उघडली. बीबींनी एक जर्दाळू तोंडात टाकला. दात नाहीत त्यांना, हिरड्यांनी चावतात. थांबल्या. तोंडातून काहीतरी काढून बशीत ठेवलं. अक्रोड.

मी दुसरा जर्दाळू फोडला. आत अक्रोड. तिसरा. चौथा. सगळ्यांच्या पोटात अक्रोडाचा तुकडा! बी काढायची, तिच्या जागी अक्रोड ठेवायचा, फळ पुन्हा मिटायचं. आमच्याकडे पाहुण्यांसाठी असाच करतात, बाहेरून कळतसुद्धा नाही. पण बालवाडीचा तसा नसतो. अकरा वर्षांत कधी नव्हता!

बालवाडी बंद. झुलैखोचा नंबर यजमानांच्या फोनमध्ये. फोन कुलूपबंद. तीन आकडे घालून पाहिले — लग्नाची तारीख, मुलाचा जन्म, बीबींच्या गावाचा कोड. आता तो अर्धा तास थांबा म्हणतोय.

मुलाला रशियात फोन केला. त्यालाही कोड माहीत नाही. "आई, उगाच घाबरतेस," म्हणाला. "अक्रोडाने कुणी मरतं का?" त्याचं ऐकून फोन ठेवला. आमच्याकडे सगळे हेच म्हणणार. अक्रोडाने कुणी मरतं का!

संध्याकाळी होसियत अपांना बोलावलं. बशी समोर ठेवली. विचारलं, अपा, हे कुणी घातलं?

त्या बशीकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. मग बीबींकडे. बीबी ओढणीच्या टोकाला गाठ मारत होत्या.

"मी घातलं," होसियत अपा म्हणाल्या. "पोकळ जर्दाळू बघवेना मला. तुमच्या घरचा, आणि रिकाम्या पोटाचा?"

मी म्हणाले, लेबलवर लिहिलंय नाही म्हणून. तुम्ही स्वतः लावलीत ती लेबलं.

"लावली. वाचली कुठे?"

त्यांना रागाने काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. नुसती उठून आत आले.

२९ जून, रविवार

फोनचा कोड सात वेळा चुकला. बालवाडीचा नंबर कुणाकडे नाही. झुलैखो कुठे राहते, कुणाला माहीत नाही. "कालव्यापलीकडे कुठेतरी," एवढंच. गल्लीतले पुरुष लग्नाला गेलेत, परवा येतील.

एकच गोष्ट सारखी दिसते. झुलैखो बोट फिरवतेय. अक्रोड. बदाम. कसलाही दाणा. नाही. मग झाकण उघडते. तिने काय चुकीचं केलं? तिने वाचलं. खोटं मी छापलं, आणि खाली माझं नाव.

मी बीबींना म्हणाले, उद्या पहाटे मी जाते.

"इद्दतीत?"

जीवाचा प्रश्न असेल तर दिवसा बाहेर पडता येतं, बीबी.

"मुल्लाला विचार."

मुल्लाही लग्नालाच गेलेत.

"मग उंबरठा ओलांडायचा नाही. माझ्या मुलाची एवढीच निशाणी उरलीय, की त्याची बायको त्याच्यासाठी घरात बसलीय." त्या रडायला लागल्या. मी त्यांच्यापाशी बसले. काय करू? एकीकडे ह्या, एकीकडे ती सहा वर्षांची पोर.

तेवढ्यात होसियत अपा दारातूनच ओरडल्या, "भांडू नका. मी जाते. घातलं मी, काढणार मी." गुडघे सुजलेले आहेत त्यांचे. शहरात गेल्याला त्यांना तीन वर्षं झाली असतील.

मी नको म्हणाले नाही.

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं — "आत अक्रोड आहे. मुलांना देऊ नका." मग तो फाडला आणि तेच प्रिंटरवर छापलं. छापलेल्यावर लोक विश्वास ठेवतात.

३० जून, सोमवार

सहा वाजता होसियत अपा गेल्या. त्यांच्याकडे फोन नाही.

सात. आठ. न्याहारी साडेआठला असते.

नऊ.

दहा वाजले, अजून नाही. अंगण तीनदा झाडलं. बीबी जपमाळ ओढताहेत, मधूनच "येईल, येईल" म्हणतात. कोण येईल? बातमी?

दीडला आल्या. सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते, विसरायला नको.

"मिनीबस भरलेली. कांद्याच्या ट्रकमध्ये बसले, आता आठ दिवस वास जाणार नाही. बालवाडीच्या फाटकावर रखवालदार म्हणतो, 'आजी, इथे काही वाटत नाहीत.' मी म्हटलं, मेल्या, मागायला नाही आले, परत न्यायला आलेय! ढकलून आत गेले. पोरं बसलेली ओळीने. प्रत्येकाच्या हातात नान, नानवर मुरंबा. आता मेहरोना कोण, मला काय ठाऊक? तीस पोरी! मी ओरडले — सगळ्यांनी हात वर! जो आधी वर करेल तो पहिला! पोरांना वाटलं खेळ आहे. सगळ्यांनी नान टाकली आणि हात वर केले."

"आणि ती?" मी विचारलं.

"एकच पोर हात वर करेना. ओठ चाटत होती."

मेहरोनाने नुसता पाक चाटला होता. फळ खाल्लं नव्हतं. तरी ओठ लाल झाले, सुजले, खोकायला लागली. झुलैखो तिला उचलून धावत दवाखान्यात गेली. सुई दिली. होसियत अपा बाहेर बाकावर बसून राहिल्या. बाराला पोर आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत बाहेर आली.

"झुलैखोने मला धरून हलवलं," अपा म्हणाल्या. "कुणी घातलं, कुणी घातलं, सारखं तेच. मी म्हटलं, मी. आणखी काय सांगू? बालवाडीच्या बाईंनी सगळ्यांदेखत काय काय ऐकवलं. जाऊ दे. पोर धड घरी गेली."

सगळ्या बरण्या परत आणायची व्यवस्था त्या करूनच आल्या. तीन उघडल्या होत्या, त्या फेकल्या.

मी त्यांना बसा म्हणाले नाही. पाणीही विचारलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१ जुलै, मंगळवार

झुलैखोचा फोन आला. ती ओरडली नाही. "मावलुदा अपा, मी ओळ वाचली होती," एवढंच म्हणाली. "बोट फिरवून वाचली होती."

मी म्हणाले, चूक शेजारणीची झाली. माझ्या घरात पुन्हा असं होणार नाही.

"सोबिर अका होते तेव्हा झालं नव्हतं," ती म्हणाली.

४ जुलै, शुक्रवार

मंगळवारीच बरण्या आल्या. एकशे सतरा. नवी लेबलं छापली — "अक्रोड घातलेला." ती जुन्यावर चिकटवली. बाजारात जातील. जुनं लेबल आतून किंचित दिसतं. खरवडून काढावं लागतंय. तीन दिवस खरवडतेय. नखं दुखतात.

होसियत अपांनी वाडगाभर वाफवलेली मंती पाठवली होती. मी वाडगा धुऊन रिकामा परत पाठवला. आमच्याकडे वाडगा रिकामा परत जात नाही. मला माहीत होतं. त्यांनाही कळलं असेल.

७ जुलै, सोमवार

गल्लीत त्यांना "अक्रोडवाली" म्हणायला लागलेत. पाण्याच्या नळावर कुणीतरी म्हणालं, बीबींनी ऐकलं. "अक्रोडवाल्या अपा, आमच्या चहात काही टाकलं नाहीत ना?" अपा म्हणे हसल्या आणि बादली घेऊन गेल्या.

बीबी हे सांगताना माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, लोक बोलणारच. त्यांनी मान वळवली. हल्ली बीबी माझ्याशी कमी बोलतात. उंबरठ्याचा विषय काढला म्हणून रागावल्या असतील.

१० जुलै, गुरुवार

झुलैखोचा निरोप — बालवाडी साठ बरण्या घेऊन पाहील. फक्त साठ. आणि पहिली बरणी ती माझ्यासमोर उघडणार, स्वतः येऊन. एकेक जर्दाळू फोडून बघणार.

बघू दे. बघायलाच हवं.

उशिरा पिकणारी दोन झाडं उरलीत. यावेळी हशर नाही. फाटकाला आतून कडी. बायका आल्या, दार वाजवलं. आतूनच म्हणाले, मी करते, तुम्ही त्रास घेऊ नका. मग चपलांचा आवाज लांब गेला. त्यांत होसियत अपा होत्या का, कळलं नाही. अपा त्या दिवसापासून आलेल्या नाहीत.

१३ जुलै, रविवार

चार दिवस एकटी. बिया काढते, बोटाने आत चाचपून बघते, पाकात टाकते. रात्री पुन्हा वाटतं, एखादा राहिला का? घरात अक्रोडच नाही आता, सगळे देऊन टाकले. तरी वाटतं.

साठ बरण्या भरल्या. एकसष्टावी मी स्वतः उघडून बघितली. सगळे जर्दाळू पोकळ. बघून रडू आलं, का ते माहीत नाही.

१६ जुलै, बुधवार

लेबलं छापली. तारीख हाताने. नाव माझं. शेवटच्या ओळीखाली एक ओळ वाढवली. जागा नव्हती, जर्दाळूचं चित्र लहान करावं लागलं —

"अक्रोड, बदाम, कसलाही दाणा नाही.
या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

सरळ आलीय. एकही कापली गेली नाही. उद्या झुलैखो येईल तेव्हा तिला तीच आधी दाखवायची. महिन्याभरात पहिल्यांदा छातीतलं ओझं थोडं उतरलंय.

१७ जुलै, गुरुवार

झुलैखो यायच्या आधी बीबींना लेबल वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकून त्यांनी पियाला खाली ठेवला.

"अक्रोडांचं पोतं कोठीतून तूच ओढत आणलंस, सूनबाई," म्हणाल्या. "पहिल्या जर्दाळूत तुकडा तूच घातलास. एवढा घाला, सोबिरला असाच आवडतो, म्हणालीस. तो गेल्यापासून तुझं तोंड पहिल्यांदा उघडलं होतं. होसियत म्हणाली, तिला अडवू नका ग, ती सांगतेय तसंच करा. नंतर तिनेच सगळ्यांना शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून. मलासुद्धा."

झुलैखो आली होती. बरणी उघडायच्या आधी तिला खरं सांगितलं. ती गेली.

इद्दत सप्टेंबरपर्यंत आहे. मी समोर अपांकडे जाऊन येते.